खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का? म्हाताऱ्या माणसांना हलतं ठेवायचं कसं, नर्सिंगवाल्यांसाठी

ओपीडीत आपण सगळ्याच जणी हे वाक्य दिवसभर बोलत असतो, "आजी, रोज थोडं चालत जा हं." आजी मान हलवते, गोळ्यांची पिशवी घेते, मुलाच्या स्कूटरवर मागे बसून घरी जाते आणि सोप्यावर, म्हणजे घरापुढच्या पडवीत, खुर्चीत बसते ती जेवायलाच उठते. पुढच्या महिन्यात परत येते, शुगर तशीच, गुडघे तसेच, आपण परत तेच वाक्य बोलतो.

मी गोव्यात फोंड्याच्या बाजूला होम व्हिजिटला जायला लागले तेव्हा अशाच एका आजींच्या घरी गेले. वय ७६, शुगर आणि बीपी दोन्ही, मुलगा गल्फमध्ये, सून नोकरीला. ओपीडीत मी त्यांना निदान सहा वेळा चालायला सांगितलं असेल. घरी जाऊन बघते तर सोप्यावरून अंगणात उतरायला चिऱ्याच्या तीन उंच पायऱ्या, धरायला काही नाही, आणि आजींना खुर्चीतून उठायलाच दोन्ही हात टेकावे लागत होते, ते पण तिसऱ्या प्रयत्नात. "तुळशीकडे दिवा लावायला पण आता सूनच जाते," असं म्हणाल्या आणि गप्प झाल्या. त्या आळशी नव्हत्या हो. चालायला जायच्या आधी जे लागतं, म्हणजे उठायची ताकद आणि पायरी उतरताना तोल, तेच उरलं नव्हतं आणि ते कोणी तपासलंच नव्हतं. मी पण नाही.

तेव्हापासून मी क्रम बदलला. आधी खुर्ची, मग तोल, मग चालणं. खाली सगळं सविस्तर लिहितेय, सब-सेंटरवाल्या, पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या), वॉर्डातल्या आणि होम केअर करणाऱ्या सगळ्यांना त्यातलं काही ना काही कामाला येईल.

हे आपलंच काम का

२०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीच्या वरचे लोक ११.२ टक्के होते, केरळच्या खालोखाल, आणि देशाचा आकडा तेव्हा ८.६ होता. आपल्या वाड्यांवर फिरलं की आकडा लागतच नाही, घरं मोठी आणि आत दोन म्हातारी माणसं, मुलं पुण्यात नाहीतर दुबईत नाहीतर लंडनला. फिजिओथेरपिस्ट प्रत्येक गावात नाही. नर्स पोचते.

आणि नर्सने शिकवलेलं चालतं याला पुरावा आहे. न्यूझीलंडमध्ये ओटॅगो नावाचा घरी करायचा व्यायाम तयार झाला, पायांची ताकद आणि तोल यांच्यासाठी. २००१ साली छापून आलेल्या एका ट्रायलमध्ये ७५ आणि वरच्या वयाच्या लोकांना तो घरी जाऊन एका डिस्ट्रिक्ट नर्सने शिकवला, तिला फिजिओने ट्रेनिंग दिलं होतं आणि अडलं तर विचारायला फिजिओ होता, बस. पडण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी झालं.

"आता या वयात काय ताकद येणार" असं कोणी म्हणालं की मी १९९० चा अभ्यास सांगते. सरासरी वय ९०, नर्सिंग होममध्ये राहणारी अशक्त माणसं, दहाच जण होते पण आठ आठवडे पायांना वजन लावून व्यायाम केला आणि पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. उलट बाजू पण आहे, २००७ च्या अभ्यासात धडधाकट म्हाताऱ्या लोकांना फक्त दहा दिवस बेडवर झोपवून ठेवलं तर पायांमधला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. दहा दिवस म्हणजे आपल्याकडचं एक साधं अ‍ॅडमिशन.

पहिलं काम: व्यायाम हा शब्द बाजूला ठेवा

व्यायाम म्हटलं की आजींना पीटीचे मास्तर आठवतात आणि आबांना वाटतं आपण आयुष्यभर कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत) राबलो, अजून कसला व्यायाम. म्हणून मी आधी विचारते, "असं काय आहे जे तुम्ही दोन वर्षांपूर्वी करत होता आणि आता होत नाही?" आणि मग गप्प बसते. हे गप्प बसणं कठीण जातं कारण बाहेर लाईन असते, पण पंधरा सेकंद थांबलात तर उत्तर येतं. कोणाला मंगेशीला जाऊन स्वतःच्या पायांनी देवळाच्या पायऱ्या चढायच्या असतात, कोणाला चवथीला गणपतीच्या माटोळीखाली पाटावर बसायचं असतं, एका आबांना फक्त तिंट्यावर (बाजाराच्या नाक्यावर) जाऊन पेपर घ्यायचा होता आणि चार माणसांशी बोलायचं होतं, एका ख्रिश्चन आंटीला रविवारी मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, उभं राहायचं होतं, सगळे उभे आणि आपण बसलोय याची तिला लाज वाटायची.

ते जे सांगतील तेच ध्येय, त्यांच्याच शब्दांत केस पेपरवर लिहा. "वजन कमी करणे, शुगर नियंत्रण" हे आपलं ध्येय आहे, त्यांचं नाही.

मग एक छोटा प्रश्न, "हे जमेल असं शून्य ते दहामध्ये किती वाटतं?" समजा आजी म्हणाल्या चार, तर "चारच का?" असं नाही विचारायचं, "दोन का नाही म्हणालात?" असं विचारायचं. मग त्या स्वतःच सांगायला लागतात की पूर्वी मी धालोला (बायकांच्या रात्रीच्या गाण्या-नाचाला) रात्रभर उभी राहायचे, अजून पाय तसे बरे आहेत. स्वतःच्या तोंडून आलेलं कारण घरी गेल्यावरही टिकतं, आपण दिलेलं लेक्चर गेटपर्यंत पण टिकत नाही.

न चालायचं खरं कारण बरेचदा पहिल्या भेटीत कळतच नाही. भीती असते पडायची. बायकांमध्ये लघवी सुटायची भीती, हे कोणी सांगत नाही, खोकलं किंवा पायरी उतरली की कपडे भिजतात म्हणून त्या घराबाहेर पडत नाहीत आणि आपण त्यांना आळशी ठरवतो. दार लावून, घरच्यांना बाहेर थांबवून, सरळ विचारा. पेल्विक फ्लोरचे, म्हणजे लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूंचे, व्यायाम शिकवा, डॉक्टरना दाखवा, आणि लघवी जास्त करवणारी गोळी (बीपी किंवा सुजेसाठी देतात ती) सकाळी घेत असतील तर फिरायची वेळ तिचा जोर ओसरल्यावरची ठेवा.

सीबॅक (आजारांचा धोका तपासायचा सरकारी फॉर्म) भरताना आपण आठवड्याला १५० मिनिटं हालचाल होते का हे विचारतोच, आणि साठीच्या वरच्यांना उभं राहताना चालताना तोल जातो का हे पण विचारतो. टिक करून पुढे जाऊ नका एवढीच विनंती. सोबत हे तीन प्रश्न जोडा: गेल्या वर्षभरात पडलात का, उभं राहताना किंवा चालताना अस्थिर वाटतं का, पडायची भीती वाटते का. एकाला जरी हो आलं तरी पुढच्या टेस्ट करायच्याच.

दुसरं काम: सुरू करायच्या आधी बघायचं

बीपी झोपवून घ्या आणि उभं करून घ्या. पाच मिनिटं झोपलेलं असताना एक रीडिंग, मग उभं केल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नी उतरला, किंवा "घुंवळ येता" (चक्कर येते) असं म्हणाले, तर ते डॉक्टरना सांगायचं, गोळ्यांचा डोस बघावा लागतो. आपल्याकडे हे फार कमी होतं आणि सकाळी बाथरूमला जाताना पडणारी बरीच माणसं इथेच सापडतील. अशांना बेडच्या कडेला बसून दोन मिनिटं पाय वर-खाली हलवायचे आणि मगच उभं राहायचं, हे घरच्यांसमोर करून दाखवा.

वरचं बीपी १८० च्या वर किंवा खालचं ११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. छातीत दुखणं, बसल्याबसल्या दम लागणं, हल्लीच चक्कर येऊन पडणं, ताप, एकाच पोटरीला नवीन सूज आणि दुखणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. व्यायाम करताना छातीत दाब आला, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखलं, अचानक घाम फुटला तर थांबायचं, बसवायचं आणि १०८ ला फोन. हे घरच्यांना एकदा पाठ करून घ्या.

गोळ्यांची पिशवी पूर्ण उलटी करून बघा. झोपेची गोळी आहे का? बीपीच्या किंवा हार्टच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत, म्हणजे बीटा ब्लॉकर, त्यांच्यात नाडी मोजून व्यायामाचा जोर ठरवू नका, बोलण्यावरून ठरवा. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या असतील तर उपाशीपोटी व्यायाम नको, १०० च्या खाली शुगर असेल तर आधी थोडं खायला द्या, केळं, पेज, काहीही. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज असू दे.

पाय बघा. चप्पल काढून, बोटांच्या मधे सुद्धा. शुगरवाल्यांची तळपायाची जाणीव बरेचदा गेलेली असते आणि आपल्याकडे देवळात प्रदक्षिणा अनवाणी, एप्रिल-मेमध्ये दुपारची फरशी इतकी तापते की पाय भाजला तरी त्यांना कळत नाही. मी त्यांना सकाळी लवकर जायला सांगते.

तिसरं काम: तीन टेस्ट, दहा मिनिटं

खुर्चीची टेस्ट. हात नसलेली, साधारण १७ इंच उंचीची सरळ खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर क्रॉस, ३० सेकंदात किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. हात टेकावे लागले तर स्कोअर शून्य, पण हे त्यांना तोंडावर म्हणायचं नाही. ७० ते ७४ वयाच्या बाईला १० आणि पुरुषाला १२ च्या खाली आलं, ७५ ते ७९ ला बाईला १० आणि पुरुषाला ११ च्या खाली, ८० ते ८४ ला बाईला ९ आणि पुरुषाला १० च्या खाली, तर पायांची ताकद कमी आणि पडायचा धोका जास्त.

उठून चालायची टेस्ट. खुर्चीपासून तीन मीटरवर खडूने रेघ मारा, उठायचं, नेहमीच्या स्पीडने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, येऊन बसायचं. काठी वापरत असतील तर काठीसकट. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका. वेळेपेक्षा मी वळताना बघते, वळताना कोण पाच-सहा बारीक पावलं टाकतं, कोण भिंतीला हात लावतं, तिथेच सगळं कळतं.

तोलाची टेस्ट. पाय जोडून, मग एका पायाचा अंगठा दुसऱ्याच्या मधल्या भागाला लावून, मग एकापुढे एक टाच-अंगठा जोडून, मग एका पायावर, प्रत्येकी १० सेकंद. तिसरी स्थिती १० सेकंद जमली नाही तर तोलाचं काम आधी. तुम्ही शेजारी उभं राहायचं, हात त्यांच्या कंबरेजवळ तयार, पण धरायचं नाही.

हे आकडे तारीख टाकून लिहा आणि त्यांना पण सांगा. "आजी, आज सहा वेळा झालं, पुढच्या महिन्यात बघू." शुगरचा आकडा आपल्या हातात नसतो असं त्यांना वाटतं, पण हा आकडा स्वतःच्या पायांचा असतो आणि तो वाढला की चेहऱ्यावर जे दिसतं ते गोळीने कधी दिसत नाही.

चौथं काम: खुर्चीतून उठणं शिकवणं

यावर मी सगळ्यात जास्त वेळ देते. कारण बाथरूमला जाणं, बसमध्ये चढणं, देवळाची पायरी, सगळं याच एका हालचालीवर उभं आहे.

खुर्ची भिंतीला टेकलेली, प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, ती सरकते आणि मोडते पण. आजींना पुढे सरकून खुर्चीच्या कडेला बसवा. पाय गुडघ्यांच्या थोडे मागे, टाचा जमिनीला. मग नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे वाका, बहुतेक जण इथेच चुकतात, मागे रेलूनच उठायला बघतात आणि परत धपकन बसतात. पुढे वाकलं की ढुंगण आपोआप उचलतं. उभं राहून एक श्वास, आणि बसताना तीन आकडे मोजत हळू बसायचं, हे हळू बसणंच खरं औषध आहे, त्यात मांडीच्या स्नायूला जास्त वेळ काम करावं लागतं. श्वास कोंडायचा नाही, मोठ्याने आकडे मोजायला लावा, मोजताना श्वास कोंडताच येत नाही.

जमतच नसेल तर खुर्चीवर घडी घातलेली गोधडी ठेवून उंची वाढवा आणि हात टेकू द्या. पहिल्या आठवड्यात पाच वेळा, थोडं थांबून परत पाच. मग एक हात, मग नुसती बोटं, मग हात छातीवर, मग गोधडी काढा. दोनदा दहा-दहा सहज व्हायला लागले की बसायचं अजून हळू करा किंवा हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली द्या. शेवटची दोन-तीन थोडी जड गेली पाहिजेत, अजिबात जड जात नसेल तर ताकद वाढणार नाही, हे आपण दयेपोटी विसरतो आणि नव्वद वर्षांच्या माणसाला नुसते मनगट फिरवायचे व्यायाम देतो.

याच्यासोबत स्वयंपाकघराचा ओटा धरून टाचा उचलणं, ओटा धरून एकेक पाय बाजूला नेणं, भिंतीला हात लावून ढकलणं, आणि बसून पाय सरळ करणं, त्यात पुढे जुन्या मोज्यात अर्धा किलो तांदूळ भरून घोट्याला बांधता येतात. प्रत्येकी आठ ते बारा वेळा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "सिस्टर, तुमच्या व्यायामाने पाय दुखता" म्हणून बंद होतं.

त्या ७६ वर्षांच्या आजींना मी फक्त हेच दिलं होतं. पहिल्या महिन्यात त्या घराबाहेर चालल्याच नाहीत आणि मी सांगितलं पण नाही. मुलाने फोनवरून सांगून पायऱ्यांना एका बाजूला पाईपचा कठडा लावून घेतला. अकराव्या आठवड्यात त्या कठडा धरून तीन पायऱ्या उतरून तुळशीकडे गेल्या.

पाचवं काम: तोल

हा आठवड्यातून तीन दिवस तरी हवा, डब्ल्यूएचओने २०२० च्या गाईडलाईनमध्ये ६५ च्या वरच्यांसाठी हेच म्हटलंय, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, दोन दिवस ताकदीचं, आणि तीन दिवस तोल आणि ताकद मिळून. आपण पहिला भाग सांगतो, बाकीचे दोन विसरतो.

समोर ओटा, मागे खुर्ची, अशा मधे उभं करा. पाय जोडून उभं, मग अर्धं पुढे-मागे, मग एका रेघेत, मग एका पायावर. दोन्ही हात, मग एक हात, मग दोन बोटं, मग हात नुसते ओट्याच्या वर. दात घासताना किंवा आमटीला उकळी येईपर्यंत केलं तरी चालतं. बाजूला चालणं, मागे चालणं, सुरुवातीला ओटा धरूनच.

बायकांच्या ग्रुपमध्ये मी धालोची पावलं घेते. एकमेकींना धरून ओळीने पुढे जायचं आणि मागे यायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर, दोन्ही बाजूंना आधार, आणि गाणी त्यांना तोंडपाठ. यापेक्षा चांगला तोलाचा व्यायाम मला कुठल्या चार्टमध्ये सापडला नाही. फुगडी मात्र नको, गोल फिरताना चक्कर येते आणि एकीचा हात सुटला तर दोघी पडतात. पुरुषांना भजनाच्या तालावर जागच्याजागी पावलं उचलायला लावा, पार्किन्सन असलेल्यांना तर ताल खूपच मदत करतो, पाऊल अडकलं की मोजत किंवा टाळीवर सुटतं.

सहावं काम: आता चालणं

आता ताकद आहे, तोल आहे, मग चालायला सांगायला काही हरकत नाही. पाच मिनिटांपासून सुरू करा, खरंच पाच. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा. दिवसातून तीनदा दहा मिनिटं चाललं तरी तितकाच उपयोग. जोर किती हवा? बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये. बोलताना पण दम लागत असेल तर हळू.

कशाला तरी बांधून द्या. पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की दारात पाव मागवण्याऐवजी नाक्यापर्यंत जायचं. घरपोच पेपर बंद करून तिंट्यावरून आणायचा. पेन्शनसाठी बँकेत जायचं तर एक स्टॉप आधी उतरायचं, जाताना रिक्षा आणि येताना चालत असं पण चालेल. नुसतं "संध्याकाळी फिरा" सांगितलेलं होत नाही, "दिवा लावला की गेटपर्यंत दोन फेऱ्या" होतं.

चप्पल मागून पट्टा असलेली, सोल खरखरीत. हवाई चप्पल घालून चालायला पाठवू नका. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात, हे आपल्यापैकी पण पुष्कळ जणी उलटं सांगतात. उंची, हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत. खालचं रबर झिजलं की बदला.

पाऊस हा आपला वेगळाच प्रश्न. जून ते सप्टेंबर चिऱ्यांवर शेवाळ, अंगणात घसरडं. मे महिन्यातच घरच्यांना पायऱ्या ब्रशने घासून घ्यायला सांगा आणि पावसात चालणं सोप्यावर आणा. लांब सोपो असेल तर वीस-पंचवीस फेऱ्या होतात, नसेल तर देवळाचा सभामंडप, पंचायतीचा हॉल. मला सगळ्यात जास्त गळती पावसातच दिसते, चार महिने बसले की ऑक्टोबरमध्ये परत शून्यापासून. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर, पाणी पिऊन, हार्ट फेल्युअरवाल्यांना पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनी दिलेलं तेवढंच.

काही आजारांसाठी वेगळं

गुडघे. "चाललं की झिजतील" ही समजूत काढायलाच अर्धा वेळ जातो. मांडीचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. दुखण्याचा नियम सोपा सांगा: दहापैकी पाचपर्यंत दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं झालं पाहिजे. जास्त दुखलं तर बंद नाही करायचं, पुढच्या वेळी अर्धं करायचं. गुडघा लाल, गरम, अचानक सुजलेला असेल तर दाखवा.

हाडं ठिसूळ असतील, आधी मणका दबला असेल तर पुढे वाकून अंगठे पकडणं, कंबर झटक्याने पिळणं बंद. टीव्हीवर बघून योगासनं करणाऱ्यांना हे नक्की विचारा. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या) पेशंटना फुंकर घातल्यासारखा हळू श्वास सोडायला शिकवा, डॉक्टरांनी दिला असेल तर पंप आधी. विसरभोळेपणा असेल तर रोज एकच वेळ, एकच जागा, आणि सूचना एका वेळी एकच.

आणि खाणं. नुसती पेज आणि लोणचं खाऊन स्नायू होत नाहीत. किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ५० किलोच्या आजींना साधारण ५० ते ६०. बांगडा, तारले, अंडं, आणि शिवराकच्या (शाकाहाराच्या) दिवशी अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), मूग, दही. किडनीचा त्रास असेल तर हे डॉक्टरना विचारल्याशिवाय नको.

घरची माणसं

प्रेमानेच सगळं बिघडतं. "आई तू बस, मी आणते." पाणी हातात, ताट हातात, टॉवेल हातात. सुनेला दोष न देता सांगायचं, आईंना त्यांचा पेला स्वतः आणू दे, भाजी निवडायला टेबलाशी उभं राहू दे. लांब असलेल्या मुलाला काम द्या, रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आईकडून दहा वेळा उठबस मोजून घ्यायची. दुबईतून "औषध घेतलंस का" विचारण्यापेक्षा हे दोघांनाही आवडतं. घरी ठेवलेली केअरटेकर बाई असेल तर तिलाच शिकवा, आणि हाताला किंवा काखेत धरून ओढून उठवू नको हे करून दाखवा.

पडल्यावर उठायचं कसं हे पण शिकवायचं, भीती यानेच कमी होते. आधी पडल्यापडल्या थांबायचं, कुठे दुखतंय बघायचं. कंबर किंवा मांडी खूप दुखत असेल, पाय वळलेला दिसत असेल, डोक्याला लागलं असेल तर उठायचं नाही, हाक मारायची. नाहीतर कुशीवर वळायचं, कोपरावर, मग हात आणि गुडघ्यांवर, जवळच्या घट्ट खुर्चीपर्यंत रांगत जायचं, हात खुर्चीवर, ताकदीचा पाय पुढे, उठून वळून बसायचं. हे गादीवर एकदा करून घ्या, घरचं कोणीतरी सोबत असताना. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोक्याला लागलं असेल तर बरं वाटत असलं तरी हॉस्पिटल.

वॉर्डातल्या सिस्टरांसाठी

आपल्याकडे अ‍ॅडमिट झालं की माणूस बेडवर जातो आणि नातेवाईक पण उठू देत नाहीत. डॉक्टरनी सक्त बेडरेस्ट लिहिली नसेल तर उठवा, लिहिली असेल तर ती अजून हवी का हे राऊंडला विचारा. जेवण खुर्चीत. टॉयलेटला चालत, बेडपॅन सवयीने नको. कॅथेटर (लघवीची नळी) रोज बघा, गरज संपली तर काढायला विचारा, ती नळी माणसाला बेडला बांधून ठेवते. सलाईन दुपारी बंद असेल त्या वेळात दोन फेऱ्या. आधी बेडच्या कडेला पाय सोडून बसणं, मग उभं, मग खुर्ची, मग दारापर्यंत. नाईट ड्युटीवरून हँडओव्हर देताना "काल दारापर्यंत गेले" हे पण सांगा, जसं युरिन आउटपुट सांगता तसं.

मागे लागणं

पहिल्या तीन दिवसांत एक फोन करा, तेव्हाच सुटतं. मग दोन आठवड्यांनी, मग महिन्याला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलेल्या दिवशी गोल काढायला सांगा, पेन दोरीने तिथेच बांधून. व्हिजिटला गेलात की आधी कॅलेंडर बघा, बीपी नंतर, म्हणजे त्यांना कळतं तुम्हाला कशाची काळजी आहे. गोल नसतील तर ओरडू नका, "कुठे अडलं?" विचारा, बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं, कोणाचं सुतक, पाहुणे, सर्दी-ताप.

आठ ते बारा आठवड्यांनी तिन्ही टेस्ट परत, त्याच खुर्चीवर, जुना आकडा दाखवून. वाढला तर व्यायाम थोडा जड करा. तेवढाच राहिला तर घरी खरंच होतंय का आणि पुरेसा जड आहे का ते बघा. नियमित करून सुद्धा आकडा खाली आला तर व्यायाम वाढवायचा नाही, डॉक्टरकडे पाठवायचं, हिमोग्लोबिन, थायरॉईड, नवीन गोळी, उदास मन, यातलं काहीतरी असतं. आणि ताप किंवा अ‍ॅडमिशन होऊन गेलं असेल तर जिथे सोडलं तिथून नाही सुरू करायचं, परत गोधडी खुर्चीवर ठेवायची, हात टेकू द्यायचे, पाच वेळा.